दोन गाड्यांचा मालक पायी

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी ऐकलेली असते. मी कॉन्व्हेंटवाला असल्यामुळे मला ती जरा उशिरा कळली, आणि कळली तीसुद्धा अनुभवानं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला स्वारगेटहून साताऱ्याची एसटी गाठायची होती. खांद्यावर सॅक, हातात मळक्या कपड्यांची पिशवी, आणि मी हॉस्टेलच्या गेटमधून चालत बाहेर पडत होतो. वॉचमन काकांनी विचारलं, "काय रे, तुझ्याकडे तर दोन-दोन गाड्या आहेत ना?"

आहेत ना! एक पल्सर १५० आणि एक येझदी रोडकिंग. त्यातली पल्सर त्या वेळी माझ्या रूममेटच्या मित्राचा मित्र घेऊन कुठंतरी हिंजवडीकडे गेला होता ("भाई, पाच मिनिटांत आलो!"). आणि येझदी पार्किंगच्या कोपऱ्यात, कव्हरखाली झोपली होती. तिला उठवायला लागणारा वेळ आणि एसटीची वेळ यांचं गणित काही जमत नव्हतं. दोन गाड्यांचा मालक पायी, तो असा.

आता ही श्रीमंती माझ्याकडे आली कशी ते सांगतो. पल्सर मी सेकंड इयरला असताना आम्ही सेकंडहँड घेतली. पुण्यात ही गाडी म्हणजे माहेरचीच लेक. २००१ साली बाजारात आली, बनते इथंच चाकणला. बटण दाबलं की सुरू. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच तिची थोरवी.

येझदीची गोष्ट वेगळी. ती बाबांची. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. १९९२ साली त्यांनी ती नवी घेतली, तेव्हा माझा पत्ता नव्हता आणि आईचाही नव्हता. त्याच्या आधीच्या काळात चेतक स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत असत, त्यामुळे गाडी मिळणं हेच नशीब. दोन गाड्या असण्याचा प्रश्न घराघरांत पडेल, असं तेव्हा कुणाला वाटलंही नसेल. बाबांची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. कंपनीनं १९६१ च्या सुमारास झेक बनावटीची जावा इथं बनवायला सुरुवात केली, पुढं त्याच गाडीला येझदी हे नाव मिळालं, १९७८ ला रोडकिंग आली आणि १९९६ ला कारखानाच बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती गाडी नवी, फोर-स्ट्रोक. आमची जुनी. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर आणि मागून निळा धूर.

मागच्या वर्षी मे महिन्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिने कमी, मांडी घालणं बंद आणि किक तर विसराच, असं सांगितलं. येझदीला सेल्फ-स्टार्ट नाही. महिनाभर गाडी अंगणात उभी राहिली. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत बसत. एक दिवस आई म्हणाली, "विकून टाका आता, जागा तरी मोकळी होईल." बाबा काही बोलले नाहीत. मीच बोलून गेलो, "मी नेतो ना पुण्याला. दर रविवारी चालवीन."

हे वाक्य बोलायला मला तीन सेकंद लागले असतील. ते निभवायला किती वेळ लागतो, यावर हा लेख आहे.

बाबांनी जाताना त्यांच्या डायरीत मीटरचं रीडिंग लिहून घेतलं : ७१,२०४. ही त्यांची खात्यातली सवय. कालव्याची पातळी असो, दुधाचा रतीब असो की पेट्रोल, सगळं डायरीत. मग मी निघालो. पाचवड, सुरूर, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ करत सव्वाशेच्या आत अंतर, पण तीन तास लागले. हॉस्टेलच्या गेटमध्ये शिरलो तेव्हा आवाजानं अर्धं हॉस्टेल गॅलरीत आलं होतं. त्या दिवशी मी हिरो होतो!

मी इंजिनिअर (होऊ घातलेला) असल्यामुळे लगेच प्लॅनिंगला लागलो. सोमवार ते शनिवार पल्सर, रविवारी येझदी. शिवाय बुधवारी संध्याकाळी येझदीला एक छोटी चक्कर, बॅटरीसाठी. वहीच्या मागच्या पानावर टाइमटेबल आखलं, दोन रंगांत. पैशांचा हिशोबही मांडला. पल्सरचा थर्ड पार्टी विमा ७१४ रुपये, येझदीचा १,३६६ (दीडशे सीसीच्या वर गेलं की दर बदलतो), वर जीएसटी. नव्या नंबरप्लेटा प्रत्येकी ५३१. दोघींची पीयूसी. येझदीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं. २००७, २०१२, २०१७, २०२२ ला झालं, पुढचं २०२७ ला. वीस वर्षांवरच्या दुचाकीला त्याची फी आता २,००० रुपये झाली आहे, ऑगस्ट २०२५ पासून. हे सगळं मिळून मेसच्या एका महिन्याच्या बिलाच्या आसपास जातं. म्हणजे दोन गाड्या 'ठेवणं' काही फार महाग नाही. माझा हिशोब चुकला तो इथंच. मी फक्त रुपयांचा कॉलम भरला होता.

पहिला रविवार मस्त गेला, खडकवासल्यापर्यंत जाऊन कणीस खाऊन आलो. दुसऱ्या रविवारी असाइनमेंट. तिसऱ्या रविवारी पाऊस. चौथ्या रविवारी जावा डे होता. जुलैच्या दुसऱ्या रविवारी सगळीकडचे जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या काढून एकत्र येतात. त्यासाठी मी आदल्या रात्री गाडी पुसून ठेवली होती. सकाळी उठलो तर सोमवारच्या सबमिशनच्या चार शीट बाकी! सकाळभर मी खिडकीत बसून शीट काढत होतो आणि खाली गाडी पुसलेली उभी होती.

मग ऑगस्ट आला, इन-सेम आल्या, गणपती आले, प्रॅक्टिकल, जर्नल, एंड-सेम... तुम्ही हेच आयुष्य जगताय, तुम्हाला काय सांगायचं!

पण खरं सांगू का, 'वेळ नव्हता' हे अर्धसत्य आहे. त्याच महिन्यांत मी पल्सरवरून रात्री अकरा वाजता भुर्जी खायला गेलोच की. डेक्कनला गेलो, लक्ष्मी रोडला कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला गेलो. वेळ होता, पण तो सगळा पल्सरनं खाल्ला. कारण सोपं आहे. येझदी काढायची म्हणजे आधी कव्हर काढा, पुसा, कॉक उघडा, चोक लावा. मग डाव्या बाजूची ती दांडी आत दाबून वर फिरवा, कारण येझदीत किक आणि गिअर एकाच दांडीचे. आठ-दहा किका मारा, घाम पुसा. पेट्रोल भरायचं तर टाकीत आधी मापानं टू-टी ऑइल ओता (आमच्याकडे लिटरला ४० मिली), मग पेट्रोल. पंपावरचा पोरगा माझ्याच वयाचा, त्याला वाटतं मी टाकीत काहीतरी विषारी ओततोय. दहा मिनिटांच्या कामासाठी वीस मिनिटांची पूजा. आणि शेजारी पल्सर उभी असते, एका बटणावर. हात कुठं जाणार?

इथंच एक दुष्टचक्र सुरू होतं. गाडी चालवली नाही की ती सुरू व्हायला जड होते, आणि जड झाली की आपण ती आणखी काढत नाही. उभ्या गाडीला काही होत नाही असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी टाकीच्या तळाशी बसलं की गंज. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल उडून जातं, मागं चिकट ऑइल राहतं आणि जेटचं सुईएवढं भोक बुजतं. जुन्या गाडीचे रबरी वॉशर, पाइप आधीच कडक झालेले असतात, ते आणखी बिघडतात. बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबतात. आणि ज्या कव्हरवर मी साडेचारशे रुपये खर्च करून निश्चिंत झालो होतो, त्यानं पुण्याच्या पावसाळ्यात आतली ओल आतच कोंडली. क्रोमवर लाल ठिपके आले ते कव्हरमुळेच. मेकॅनिकलला असून हे मला कळायला हवं होतं. पण करोजन आम्हाला दहा मार्कांना होतं, त्यापलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता.

आणि पल्सर? ती तर सगळ्या मजल्याची झाली होती. "चावी दे ना" हे आपल्या हॉस्टेलचं राष्ट्रगीत आहे. कुणाला झेरॉक्स, कुणाला स्टेशन, कुणाला 'काम आहे रे' (हे काम कुणाचं आणि कुठल्या कॉलेजात, ते सगळ्यांना माहीत!). गाडी परत यायची ती रिझर्व्हला लागूनच. म्हणजे माझ्या दोन गाड्यांपैकी एक सगळे चालवत होते आणि एक कुणीच नाही.

कुठंतरी वाचलं होतं, २०१८ साली पुण्यातल्या नोंदलेल्या गाड्यांचा आकडा माणसांच्या पुढं गेला. माणसं ३५ लाखांच्या घरात आणि गाड्या ३६ लाखांवर, त्यात २७ लाख दुचाकी. तेव्हा ट्रॅफिकच्या नावानं सगळ्यांनी बोटं मोडली. पण आता वाटतं, यातल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर नसतीलच. वाड्यांच्या बोळात, सोसायटीच्या जिन्याखाली, कव्हरखाली उभ्या असतील, 'पुढच्या रविवारी'ची वाट बघत. शेवटी एका माणसाला बूड एकच असतं!

असो. आता जे सांगायला नको वाटतंय ते सांगतो.

दर रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. "काय, आज गेला होतास?" पहिल्या दोन-तीन वेळा मी खरं सांगितलं : पाऊस होता, सबमिशन होतं. मग एकदा त्यांच्या आवाजात काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या रविवारी मी म्हणालो, "हो, सिंहगडला जाऊन आलो." ते एकदम खुलले! घाटात कितव्या गिअरवर चढली, वर धुकं होतं का, गाडी गरम झाली का. मी सगळं सांगितलं. पल्सरवरून सिंहगड मला पाठ होता, काही जड गेलं नाही. मग पानशेत झालं. मुळशी झालं. पुन्हा सिंहगड. मी हॉस्टेलच्या कॉटवर पडून बाबांना गाडीवरून फिरवत होतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हाही त्यांनी विचारलं, "एसटीनं का आलास? गाडी आणायचीस." मी म्हणालो, "हायवेला ट्रॅफिक फार." ते म्हणाले, "हं."

फेब्रुवारीत गुडघ्याच्या तपासणीसाठी बाबा पुण्याला आले. मला आधी फोन नाही. दुपारी तीन वाजता वॉचमन काकांचा निरोप आला, "तुझे वडील पार्किंगमध्ये आहेत." रूममध्ये नाही, ऑफिसमध्ये नाही, पार्किंगमध्ये! जिना उतरताना माझे पाय लटपटत होते.

बाबांनी कव्हर काढून नीट घडी घालून बाजूला ठेवलं होतं. सीटच्या कडेला बुरशी, हँडलवर जाळं, मागच्या चाकात हवा नाही. ते काठी टेकून उभे होते. मी आलेलो त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. खिशातून डायरी काढली, चष्मा लावला, मीटरवर वाकले आणि रीडिंग लिहिलं : ७१,३६९. मग सवयीप्रमाणे त्याच्याखाली मागचं रीडिंग मांडून वजाबाकी केली. १६५. आकड्याखाली रेघ मारली आणि डायरी मिटून खिशात ठेवली.

साताऱ्याहून इथवर ११५. उरले पन्नास. माझा एक सिंहगडसुद्धा त्यात बसत नव्हता.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "फडकं आहे का?"

मग आम्ही तीन तास तिथंच होतो. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सांगत होते, मी करत होतो. टाकी रिकामी केली, जे निघालं त्याला पेट्रोल म्हणणं कठीण होतं. प्लग काढून घासला, पॉइंट साफ केले. कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकला. एअर स्क्रू पूर्ण आवळल्यावर बाबा म्हणाले, "आता सव्वा आटा सोड." मी थांबलो. "सव्वा म्हणजे... वन अँड अ हाफ?" बाबा पहिल्यांदा हसले. "वन अँड अ क्वार्टर. काय रे तुमचं कॉन्व्हेंट!"

त्या हसण्यामुळे मला धीर आला. म्हणालो, "बाबा, सॉरी. वेळच मिळाला नाही." ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "मला काय शिकवतोस? तू वर्षाचा होतास तेव्हा मी हिरो होंडा घेतली. मायलेज चांगलं, सुरू व्हायला सोपी, तुला दवाखान्यात न्यायला बरी. ही पाच वर्षं ताडपत्रीखाली होती. रोज म्हणायचो, रविवारी काढू. २०१२ ला आरटीओत पासिंगला न्यायची वेळ आली, तेव्हा उघडली. यापेक्षा वाईट अवस्था होती." मी विचारलं, "मग?" "मग काय. हिरो होंडा तुझ्या मामाला देऊन टाकली. ती दारात होती तोवर हिला हात लागला नसता."

मी गप्प झालो. माझ्या डोक्यात बाबा कायम येझदीवरच आहेत. पुढं टाकीवर बसून मी धोम धरणावर गेलोय, टाकीची ऊब मांडीला लागतेय, ही माझी पहिली आठवण. ती मी सहा वर्षांचा असतानाची. त्याच्या आधी गाडी कुठं होती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ती ताडपत्रीखाली होती, आणि बाबाही माझ्यासारखेच रविवार पुढं ढकलत होते. फरक एवढाच की त्यांनी त्याबद्दल फोनवर कुणाला थापा मारल्या नाहीत.

चौदाव्या किकला गाडी सुरू झाली. निळ्या धुरात अख्खी पार्किंग गायब! पोरं धावत आली, आणि मागून रेक्टर सर. आम्ही ओरडा खायच्या तयारीत. सर जवळ आले, दोन सायलेन्सरकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोडकिंग का? टायमिंग जरा पुढं आहे." आणि निघून गेले. बाबांना मागं बसवून मी कॉलेजला एक चक्कर मारली. स्टेडियमच्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. याचा अर्थ 'गिअर बदल'.

त्या धुराबद्दलही प्रामाणिकपणे बोलायला हवं. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर टाकतं. या गाड्या बंद झाल्या त्या उगाच नाही. म्हणून मी रोजच्या वापराला येझदी लावलेली नाही. लेक्चरला चालत जातो, शहरात बसनं किंवा मेट्रोनं. वजन दोन किलो कमी झालंय. रविवारी सकाळी मात्र येझदी. आणि एक गंमत लक्षात आली : आता रविवारी वेळ मिळतो. पूर्वीइतकाच अभ्यास आहे, सबमिशनं तेवढीच आहेत. पण भुर्जीला, झेरॉक्सला, उगाच डेक्कनला हात जाण्यासारखं बटण आता समोर नाही, कारण पल्सरची चावी मी कपाटात टाकली आहे. दोन गाड्या असल्या की दर वेळी सोपी जिंकते. आपण ठरवत नाही, हातच ठरवतो. बाबांना हे २०१२ सालीच कळलं होतं.

आता रविवारी फोन मी करतो. आधी मीटरचं रीडिंग सांगतो, मग बाकीचं. बाबा तिकडं लिहून घेतात. काल ७२,०१८ होतं. एका रविवारी मी, "आज नाही गेलो, झोपलो होतो," असंही सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आकडा तोच लिहितो."

लेख इथं संपवायला हरकत नाही, पण संपादकांनी एक छोटी जाहिरात घालायची परवानगी दिली आहे, तीसुद्धा फुकट.

पल्सर १५० विकणे आहे. सेकंड ओनर, पण थर्ड, फोर्थ आणि फिफ्थ रायडर सगळे याच हॉस्टेलचे, चौकशी त्यांच्याकडेच करावी. कागदपत्रं पूर्ण, टायर नवीन, टाकीत पेट्रोल असेलच असं नाही. किंमत समोरासमोर बसून ठरवू. अट एकच : घेणाऱ्याकडे दुसरी गाडी नसावी.